स्थानिक स्वराज्य संस्था आणि आपले सामाजिक स्वास्थ्य

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे काऊंटरच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या बाजूची माणसे पाहतो आहे. संयोजकांनी दिलेला विषय कायद्याच्या जाणकारांनी किंवा राजकारणातील अनुभवी मंडळींनी बोलावा असा आहे. परंतु काऊंटरवर बसणाऱ्याला गाव एका वेगळ्या खिडकीतून दिसते. त्या खिडकीतून जे दिसले, त्याच्या आधारे चार शब्द आपल्यासमोर ठेवतो. चुकले तर वडीलधाऱ्यांनी दुरुस्त करावे.

आमच्या शाखेत एक वृद्ध गृहस्थ येतात. निराधार अनुदानाचे त्यांचे खाते आहे. दिवाळीनंतर ते जवळजवळ रोज येतात. एके दिवशी मी त्यांना म्हणालो, "बाबा, पैसे अजून जमा झालेले नाहीत. जमा झाले की मी निरोप देईन. रोज एवढी पायपीट कशाला करता?" बाबा म्हणाले, "पैसं आलं न्हाईत, ठावं हाय मला सायेब. पोरगं आन् सून कोयत्यावर गेलेत. घरात बोलायला कोन हाय? हितं पंख्याखाली चार मान्सं भेटत्यात." एवढे बोलून ते बाकावर जाऊन बसले.

मित्रहो, त्या दिवशी मला आकड्यांच्या पलीकडचे काहीतरी कळले. या माणसाच्या नावावर खाते आहे, आधार कार्ड आहे, शिधापत्रिका आहे, मतदार यादीत नाव आहे. सरकारच्या सगळ्या कागदांवर तो आहे. परंतु गावात त्याला दोन घटका मानाने बसता येईल अशी एकही जागा नाही, म्हणून तो बँकेच्या बाकावर येऊन बसतो. आज आपण ज्याला सामाजिक स्वास्थ्य म्हणतो आहोत, त्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

शरीराचे स्वास्थ्य डॉक्टर तपासतात. सामाजिक स्वास्थ्य कसे तपासावे? माझ्या अल्पबुद्धीला तीन कसोट्या सुचतात. गावातील प्रत्येकाला सार्वजनिक ठिकाणी मान खाली न घालता जाता येते काय? अडचणीच्या वेळी कोणाचे तरी दार वाजवता येते काय? आणि आपले म्हणणे कोणीतरी ऐकून घेते, आपली कुठेतरी गणती आहे, अशी त्याची खात्री आहे काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तर ते गाव गरीब असूनही निरोगी आहे. उत्तर 'नाही' असेल, तर सिमेंटचे रस्ते आणि चौकाचौकांत दिवे असूनही ते गाव आजारी आहे.

आता यात नगरपालिकेचा आणि ग्रामपंचायतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. नगरपालिकेने नळ, नाली आणि दिवाबत्ती पाहावी, माणसांच्या मनाचे तिला काय करायचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ही समजूत कायद्याला धरून नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून या संस्थांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले आहेत. त्यांत पाणी व स्वच्छता तर आहेच, पण दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, दारिद्र्य निर्मूलन, बागा व क्रीडांगणे, शैक्षणिक व सांस्कृतिक कार्य आणि स्मशानभूमी हेही विषय आहेत. ग्रामपंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत ग्रंथालये आहेत, महिला व बालविकास आहे, समाजकल्याण आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा दंडक आहे. म्हणजे काम सांगितलेले आहे आणि पैशाची वाटही दाखवलेली आहे. अडते ते दुसरीकडेच.

ते कुठे अडते, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहराच्या शोभेवर पैसा खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी विरोध केला आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे सांगितले. शहरात दारूची दुकाने वाढत होती, त्याविरुद्धही त्यांनी १८८० साली नगरपालिकेकडे पत्र दिले. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली. आजही आपल्या गावोगावी स्वागत कमानी उभ्या राहतात आणि त्या कमानीखालून जाणाऱ्या मुलाला अभ्यासाला बसायला जागा नसते. जोतीरावांचा प्रश्न अजून सभागृहाच्या पटलावर तसाच पडून आहे.

दुसरे उदाहरण महाडचे. बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि महाड इंग्रजी अमलाखालील कुलाबा जिल्ह्यात. त्यामुळे तिथले कायदे आपल्या आजा-पणजांच्या कामाचे नव्हते. धडा मात्र आज आपल्या कामाचा आहे. चवदार तळ्याचा संगर आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. परंतु त्या घटनेत एक नगरपालिका उभी होती, याकडे आपले लक्ष कमी जाते. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तीन वर्षे कोणाला पाणी मिळाले नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचे अनुदान बंद करावे. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावाच्या कागदात प्राण आला. आणि पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

मी बँकेतला माणूस, म्हणून बँकेच्या भाषेत सांगतो. ठराव म्हणजे धनादेश. त्यावर सही-शिक्का असतो, अक्षरी रक्कम लिहिलेली असते. पण तो वटला नाही तर त्या कागदाची किंमत शून्य. महाडचा १९२४ चा ठराव हा न वटलेला धनादेश होता. तो वटवण्यासाठी माणसांना रांगेत उभे राहून काऊंटरपर्यंत जावे लागले. नगरपालिका जागा उघडू शकते, ही महाडची पहिली शिकवण. उघडलेली जागा लोकांनी वापरली नाही आणि पाठपुरावा केला नाही तर ती पुन्हा बंद होते, ही दुसरी शिकवण. आज मला जे एकच सांगायचे आहे ते हेच.

बाबासाहेबांना खेड्याच्या कारभाराबद्दल भाबडा विश्वास नव्हता. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर मुंबई विधिमंडळात बोलताना, दलित वर्गाला हक्काचे प्रतिनिधित्व असल्याशिवाय गावाच्या हाती सत्ता देणे धोक्याचे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना, गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. राखीव जागांची १९३२ ची मागणी पंचायतींच्या बाबतीत १९९३ नंतर सर्व देशभर अमलात आली. महाराष्ट्रात महिलांसाठी निम्म्या जागा २०११ पासून आहेत. परंतु व्यक्ती हा घटक मानायचा, हे आपण अजून पुरते शिकलो नाही. आपण म्हणतो, गावाला पाणी आले. कोणाच्या दारात आले, हे विचारत नाही.

२०१३ च्या आणि २०१६ च्या दुष्काळात आपण सर्वांनी टँकर पाहिले. टँकर आधी कोणाच्या दारात थांबतो आणि शेवटी कोणत्या वस्तीला उरलेले गढूळ पाणी मिळते, यावरून त्या गावाचे सामाजिक स्वास्थ्य डोळ्यांना दिसते. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतला सार्वजनिक नळ सर्वांत शेवटी सुटायचा. आई रात्री अकरा वाजता घागरी लावून बसायची. तिला तहानेचे दुःख फारसे नव्हते. "आपला नंबर नेहमी शेवटी का?" हे तिचे दुःख होते. पाणी सोडण्याच्या वेळा वस्तीनिहाय फिरत्या ठेवायला आणि ते वेळापत्रक चौकातल्या फळ्यावर लावायला नगरपालिकेला किती खर्च येतो? खडूचा येतो. पण त्या खडूने एका बाईचे मन निवते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या घरात होती. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. २००१ मध्ये हाच आकडा ८९४ होता. राज्यातील सर्वांत कमी प्रमाण आपले. ज्या गावात मुलीला जन्मालाच येऊ दिले जात नाही, त्या गावाच्या स्वास्थ्याविषयी काय बोलावे? या आकड्यापुढे मी बाप म्हणून मान खाली घालतो.

दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोटच्या पोरांना बरोबर तरी नेतात किंवा म्हाताऱ्यांपाशी ठेवून जातात. तान्ह्या बाळापासून थकलेल्या आजीपर्यंत एका घराचे दोन तुकडे होतात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती आपल्या शाळेत दिवाळीच्या आत सुरू झाली की नाही, हे पाहणे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. मागे राहिलेल्या वृद्धांची मात्र यादीसुद्धा कोठे नसते. कोण एकटे आहे, कोणाला रोजचे औषध लागते, कोणाला चालता येत नाही, अशी एक वही ग्रामपंचायतीने दर हंगामात करावी. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांना निम्मी वही तोंडपाठ असते. त्यांना मानाने बोलावून विचारावे, एवढाच काय तो उशीर आहे.

हे सगळे स्वप्नरंजन आहे असे कोणाला वाटेल, म्हणून अलीकडची तीन उदाहरणे देतो. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरण करण्यास सांगितले. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सौंदाळा गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास पाचशे रुपये दंड ठरवला. छत्रपती संभाजीनगरजवळ पाटोदा आहे. आपला तालुक्याचा पाटोदा नव्हे, वाळूजकडचा. तिथल्या ग्रामपंचायतीने वेळेवर कर भरणाऱ्यांना पिठाची गिरणी मोफत ठेवली. या तीन ठरावांत सरकारी निधीचा मोठा आकडा कोठेच नाही. एकीकडे विधवेचा मान, दुसरीकडे बाईच्या नावाचा मान आणि तिसरीकडे कर भरणाऱ्या सामान्य माणसाचा मान. पंचायतीने मान दिला की माणूस पंचायतीला आपली मानतो. मात्र महाडची आठवण इथेही ठेवू या. हेरवाडचा ठराव हळदीकुंकवाला विधवा भगिनीला आपण स्वतः बोलावू, तेव्हाच आपल्या गावात वटेल.

आपल्या जिल्ह्यात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर येथे नगरपरिषदा आहेत. निवडणुका लांबल्यामुळे त्यांचा कारभार बरीच वर्षे प्रशासकांच्या हाती होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन आता पुन्हा लोकांनी निवडलेले सभागृह आले आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आपण काय मागावे? माझी मागणी लहान आहे. प्रत्येक प्रभागात एक अशी खोली असावी, की जिच्या दारावर कोणत्याही जातीचे, पक्षाचे किंवा देणगीदार पुढाऱ्याचे नाव नाही. सकाळी तिथे वृद्धांनी वर्तमानपत्र वाचावे, दुपारी बायांनी बचत गटाची बैठक घ्यावी, संध्याकाळी मुलांनी दहा वाजेपर्यंत अभ्यास करावा. पिण्याचे पाणी असावे, मुलींसाठी स्वच्छ शौचालय असावे, आणि परतीच्या वाटेवर दिवा असावा. वाटेवर दिवा नसेल तर मुलीचा अभ्यास सातलाच संपतो.

ही मागणी मी माझ्या स्वतःच्या अनुभवातून करतो. बारावीनंतर आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही सात माणसे होतो. मी नगरपालिकेच्या वाचनालयात ट्यूबलाइटखाली बसून बी. ए. केले आणि तिथेच बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला. शेजारी किराणा दुकानदाराचा मुलगा बसायचा, पलीकडे शिंप्याचा. आम्ही तिघांनी एकच गाईड आळीपाळीने वाचले. घरी एकमेकांचे पाणी घेतले जाईल की नाही याची खात्री नव्हती, पण त्या टेबलावर पाण्याची बाटली एकच होती. नोकरी तर मिळालीच. पण त्या टेबलाने आम्हाला एकमेकांचे मित्रही केले, आणि ती मैत्री आजतागायत टिकून आहे. एका सार्वजनिक टेबलाची ताकद एवढी असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला तीन कामे सांगतो. पहिले, ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी बहुधा ग्रामसभा असते. तिच्याआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे, तिथे आई-बहिणीला घेऊन जा. कोऱ्या रजिस्टरवर घरपोच सह्या घेतल्या जात असतील तर सही देऊ नका, सभेची वेळ विचारा. दुसरे, माहितीच्या अधिकारात अर्ज करून १५ टक्के आणि १० टक्के रक्कम गेल्या वर्षी कशावर खर्च झाली, हे विचारा. भांडणाच्या सुरात विचारू नका. बँकेत पासबुक भरून मागतो तसे मागा. तिसरे, मिळालेले उत्तर वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. भगवान बुद्धांनी वज्जींच्या गणराज्याविषयी सांगितलेले आपण वाचले आहे: ते जोवर वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट ग्रामसभेइतकी दुसऱ्या कशाला लागू पडते?

शेवटी, दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात, हे विसरून चालणार नाही. ज्या सभागृहात आपण आज बसलो आहोत ते समाजाच्या वर्गणीतून उभे राहिले. जयंतीला, वर्षावासात आणि लग्नकार्याला ते उघडते. एरवी त्याला कुलूप असते आणि किल्ली एका घरी असते. मी कोणाला दोष देत नाही. मीही कार्यकारिणीचा सभासद आहे. पण नगरपालिकेकडे खुली जागा मागण्याआधी आपली जागा खुली असली पाहिजे. शेजारच्या गल्लीतला मुलगा, मग तो कोणत्याही समाजाचा असो, इथे पुस्तक घेऊन बसला तर त्याला "तू कोणाचा?" असे कोणी विचारू नये. ज्यांना तळे बंद होते त्यांच्या वारसांनी आपले दार बंद ठेवू नये.

म्हणून अध्यक्ष महोदयांसमोर मी एक नम्र सूचना ठेवतो. या हंगामापासून सभागृहाचा व्हरांडा सकाळी आठ ते रात्री दहा उघडा ठेवावा. दोन बाके, एक पंखा, एक माठ आणि दोन वर्तमानपत्रे एवढाच खर्च. रविवारी किल्ली सांभाळायला मी तयार आहे. बाकीच्या सहा दिवसांसाठी सहा माणसे या सभेतून पुढे यावीत. हा ठराव आजच लिहून घ्यावा, आणि तो वटावा म्हणून उद्या सकाळी आठ वाजता आपण कुलूप काढावे.

बँकेच्या बाकावर बसणाऱ्या त्या बाबांना मी स्वतः इथे घेऊन येईन. त्यांचे खाते आमच्याकडेच राहील. बसायला मात्र त्यांना आपली जागा मिळेल.